चार वाजताचा लाल टॉवेल

माइकवर नखाने दोनदा टक् टक् करायचं आणि विचारायचं, "येतंय काय रे ऐकू?" उत्तर यायची सोय नव्हती, म्हणून लगेच दुर्बीण घेऊन गॅलरीत पळायचं. रत्नागिरीतलं आमचं रॉक रेडिओ केंद्र रोज असं सुरू व्हायचं.

केंद्र म्हणजे काका एकटेच. ऐंशी सालानंतर कधीतरी बोटीवरची नोकरी सोडून आले, ते पेटीभर विलायती कॅसेटी घेऊन. जुन्या सेटांचे भाग जोडून माळ्यावर यंत्र उभं केलं. आवाज जेमतेम बंदरापर्यंत जायचा. गिटार-ड्रम सुरू झाले की शेजारीण विचारायची, आज कुणाची भांडी पडली?

ज्याला ऐकू येतं त्याने चार वाजता छपरावर लाल टॉवेल टाकायचा, असा त्यांचा नियम. एका मे महिन्यात पत्र्यापत्र्यावर लाल आमसुलं वाळत पडली, तर श्रोते वाढले म्हणून काका दोन दिवस सगळ्यांना चहा पाजत सुटले.

एरवी टॉवेल दोन, फार तर तीन. "एकपण दिसला नाय, त्या दिवशी बंद," म्हणायचे आणि येरझाऱ्या घालायचे. तुम्हीही असा माणूस पाहिला असेल, बसला तरी उभाच वाटणारा.

मी देशावरचा, सातवीत शाळा सोडलेला. त्यांच्याच शब्दावर मला बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात काम लागलं. माझ्याकडे रेडिओ नव्हता. सांगायची लाज वाटली. टॉवेल मात्र रोज टाकत गेलो. केंद्र बंद पडलं तर ह्या माणसाचं काय होईल, हीच धाकधूक.

एकदा तापाने पडलो आणि टॉवेल राहिला. साडेचारला ते माझ्या खोलीच्या दारात. शेजारी बर्फाचं मशीन धडधडत होतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली.

"सेट कुठाय तुझा?"

"नाही, काका."

"मग वर्षभर आयकलंस कशावर?"

ते निघून गेले. आपल्यामुळे केंद्र बुडालं, ह्या विचाराने माझा ताप आणखी चढला.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला आले, स्वतःचा ट्रान्झिस्टर माझ्या उशाशी ठेवला आणि गेले. चारला मी तो कानाला घट्ट दाबून धरला. टक् टक्.

"बर्फवाल्या, येतंय काय रे ऐकू?"

ह्या गावात मला इतक्या लांबून कुणी हाक मारली नव्हती. तापातच टॉवेल घेऊन पत्र्यावर चढलो.

पुढच्या वर्षी ते पुन्हा बोटीवर गेले. जमिनीवर करमेना, एवढंच शेजारणीला बोलले म्हणे. मला कळलं तेव्हा चार वाजत आले होते. सेट लावला. नुसती खरखर.

टॉवेल टाकलाच. रोजच्या कडेला नाही, समुद्राच्या बाजूला.