टरबूज पाठीवर घेऊन
नवे बूट आधी पायात रुळवावे लागतात हे ठाऊक नसल्याने मी ते खोक्यातच जपून ठेवले होते. आजही नव्या रबराचा वास आला की मे महिन्यातली ती ग्वाल्हेरच्या किल्ल्याची चढण आठवते. हिमालयात हिमनदीपर्यंत पायी जायचा माझा बेत होता; ते झेपेल का हे बघायला मी पाठपिशवीत वजन म्हणून टरबूज घातलं होतं. “किल्ला चढून दाखवा, मगच तिकिटं,” असं बायकोने बजावलं होतं आणि ती सोबतच होती. अर्ध्या वाटेत टाचा सोलल्या, धाप लागली. फिरायला आलेले एक गृहस्थ म्हणाले, “भाईसाहब, ऊपर तरबूज नहीं मिलता क्या?” मी टरबूज कठड्यावर आपटून फोडलं, त्यांनाही दिलं आणि म्हटलं, “आज इथूनच परतू.” हिमालय हुकला, असंच वाटलं. बायको टरबुजाची बी थुंकून म्हणाली, “अहो, काढा तिकिटं. तुम्ही हट्टाने पुढेच जाल, हीच तर मला भीती होती.”