रुमालाखाली चिकटलेला हात

हसाचं असन तं आताच हसून घ्या बाप्पा, मंग मधात मले थांबवू नका. भर बाजारात, भर उजेडात, एक दमडी न खर्चता म्या असा घोटाळा करून ठेवला होता का इचारू नका! पन आंधी माह्या काटकसरीची गोठ सांगा लागते.

कापसाचं सोनं झालतं, तवाचे दिवस. समुद्रापल्याड गोऱ्यायची लढाई जुंपली आन् आपल्या वऱ्हाडात लोकायले चांदीचं याड लागलं. कोनी बैलाच्या शिंगाले चांदी मढवे, कोनी बंडीच्या चाकाले. आमी माळी लोक. अकोल्याच्या शिवेवर वांग्या-मिरच्यायचा मळा. वांग्याले चांदीचा भाव कोन देते?

पन मले पैसा पायजे होता. अमरावतीच्या मामानं आईले रोखठोक सांगतलं होतं, "पोट्ट्यानं सोताच्या कमाईची बैलजोडी माह्या दारात आनली, तं पोट्टी त्याची. नाई तं मी दुसरं घर पाह्यतो."

आन् मामाची ती पोट्टी... जाऊ द्या, माह्या तोंडानं काय सांगू? तिच्यासाठी म्या हत्तीबी आनला असता!

मंग लागलो वाचवाले. जोडे झिजतीन म्हून पायात घालतच नव्हतो, काखेत धरून चालो. तंबाखू नेहमी दुसऱ्याच्या चंचीतली. कोनाचंबी लगन निंगो, पंगतीत मी हजर. उपरनं तं कदी इकत घेतलंच नाई. हात पुसाले अख्खं गाव पडलं हाये ना! साठलेला पैसा आईनं थैलीत घातला आन् गाठीवर गाठ मारून माह्या कमरेले बांधला. म्हने, "सोडाले येळ लागला पायजे. तवर खर्चाची हौस फिटून जाईन."

जोडीपुरता पैसा जमला आन् मी अमरावतीले पायीच निंगालो. बंडीचं भाडं कोन देईन?

पोचलो तं पोटात कावळे बोंबलून राह्यलेले. तेवढ्यात कापसाच्या बाजारातून जिलेबीचा वास आला. कोन्या व्यापाऱ्याले मोप भाव भेटला, म्हून थो येईन त्याले जिलेबी वाटून राह्यला होता. फुकट! आता तुमीच सांगा, मी सोडीन का? दाबून हानली. हात पाकानं बरबटले. पुसू कायले? पाह्यतो तं बाजूले एक दलाल हुभा, आन् त्याच्या हातावर मोठा रुमाल पांघरलेला. म्या हळूच त्या रुमालाखाली हात सरकवला.

पाह्य, तुमी कास्तकार लोक आताच कपाळाले हात लावून बसले! मले काय मालूम? आमी भाजी बोंबलून इकतो. कापसाचा भाव बाजूच्याले कळू नाई म्हून रुमालाखाली बोटं दाबून ठरोतात, हे माळ्याच्या पोट्ट्याले कोन सांगन?

दलालानं माही चार बोटं गच्च धरली. मी घाबरलो, हात वढला. सुटते कायचा? पाकानं चिकटला! मी वढो, थो दाबे.

दलाल खूस. "वा भौ! पक्का गडी हाये. हात सोडतच नाई!"

"अजी सोडा ना मले!"

"सोडतो ना. भाव जुळला. बंडी तुमची!"

"कायची बंडी?"

त्यानं हात सोडला आन् बोट दाखोलं. कापसानं शिगोशिग भरलेली बंडी, आन् बाजूले तिचा मालक, चांदूरकडचा एक बुढा कास्तकार. माह्या थैलीत दोन बैलायपुरता पैसा. त्यात त्या कापसाचा एक कोपराबी आला नसता! मामाची पोट्टी दुसऱ्याच्या बंडीत बसून चालली, असं डोयापुढं दिसे.

"मी माळी हावो!" मी वरडलो. "वांगे इकतो!"

लोक फिदीफिदी हसले. एक जन दुसऱ्याच्या कानाशी लागला, "अबे, फाटके कपडे पाह्य, काखेत जोडे पाह्य. हा मुंबईच्या बड्या शेटचा मानूस. भेस बदलून माल उचलाले आला."

झालं! घडीभरात बाजारात बोंब, मुंबईवाला खरेदीले उतरला म्हून. भाव चढाले लागला. जो थो रुमाल घेऊन माह्या मांगं. म्या दोन्ही हात काखेत दाबले, तं म्हने, "लय हुशार! हात लागू देत नाई!"

"इसार काढा," दलाल म्हने. "इसार देल्ला का सौदा पक्का. नाई तं शिपाई बलावतो."

रडकुंडीले येऊन मी थैलीच्या गाठी सोडाले बसलो. आईच्या गाठी त्या! चिकट बोटायनं एकबी सुटेना. दातानं वढली, तं दातच हालला. तिकडं भाव चढूनच राह्यला. बुढा कास्तकार एकडाव माह्याकडं पाहे, एकडाव बाजाराकडं. शेवटी त्यानं गुपचूप बंडीले बैल जुपले.

"इसार हातात पडला नाई, सौदा झाला नाई!" थो म्हने. "आता त्या भावात देईन थो येडा. राग धरू नका, शेट."

राग? म्या बुढ्याच्या पायावर लोळनच घेतली! म्हटलं, "जाय बाबा, लवकर जाय!" दलाल बोंबलत त्याच्या मांगं धावला, आन् मी उलटीकडं. जीव असा भांड्यात पडला का डोयाले पानी आलं. पयले एका हिरीवर हात धुतले. बैलबाजारात थैली सरळ चाकूनं कापली. दोन झ्याक गोऱ्हे घेतले आन् दिवस बुडता मामाच्या दारात.

मामानं गोऱ्ह्यायचे दात पाह्यले, पाठीवरून हात फिरवला. खूस झाला. मले बाजीवर बसोलं आन् म्हने, "आज बाजारातली गोठ आयकली का? कोन्या मुंबईवाल्यानं कापसाची बंडी घेतली आन् इसाराविना हातची जाऊ देल्ली. सांजलोक ठेवली असती, तं नुसत्या नफ्यात अशा चार जोड्या आल्या असत्या!"

"चार?" म्या बोटं मोजून पाह्यली.

"चार! आन् वरून त्या बुढ्याच्या पायाबी पडला म्हने. असल्या येड्याले कोन पोट्टी देईन, सांग बरं!"

म्या म्हटलं, "देनारा बी येडाच असन, मामा!"

मामा पोट धरून हसला. माह्या पाठीवर थाप मारली आन् घरात हाक देल्ली, "गूळ आना वं! पोट्टा लय शाना हाये. सोयरीक पक्की!"

गूळ आला. म्या सगळ्यात मोठा खडा उचलून तोंडात कोंबला, आन् थो इरघळेलोक तोंड उघडलं नाई.