मुद्दाम ठेवलेली घाण

आमच्या सूनबाईंनी एकदा माझी कवळी उकळली. मी आंघोळीला गेलो होतो, कवळीची वाटी टेबलावर राहिली, तेवढं निमित्त पुरलं. बाहेर येऊन बघतो तर कवळी वाकडी, आणि ही खुशीत. "बाबा, आता औषधालाही जंतू नाही त्यात." "जंतू नाहीत गं, पण दातही कामाचे राहिले नाहीत," मी म्हटलं. नवी कवळी येईपर्यंत महिनाभर पातळ खाऊन काढला.

पण तिला नावं ठेवायची माझी प्राज्ञा नाही. लहान मुलांच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची हत्यारं निर्जंतुक करण्याचं काम ती एकोणीस वर्षं करते आहे. तिच्या वाफेच्या पेटीतून निघाल्याशिवाय कात्री डॉक्टरांच्या हाती जात नाही. जंतू म्हटलं की तिचे हात शिवशिवतात.

त्या हॉस्पिटलात मुलं तपासणीसाठी ताटकळतात, त्या खोलीत सहा फुटी काचेची टाकी आहे. तिच्यात एक मोठा सोनेरी मासा. काचेशी येऊन प्रत्येकाकडे रोखून बघतो, म्हणून पोरांनी त्याचं नाव ठेवलं साहेब. सुई टोचताना पोरं साहेबाकडे बघत रडतात, म्हणजे जरा कमी रडतात. तर त्या टाकीचं पाणी गाळणारं यंत्र बंद पडलं. जुनं मॉडेल, सुटे भाग कुठे मिळेनात. पाणी हिरवं व्हायला लागलं. मोठ्या सिस्टर करारी बाई. त्यांनी सांगून टाकलं, "पंधरा दिवसांत पाणी स्वच्छ नाही झालं, तर टाकी उचला. इथे फायलींचं कपाट ठेवू."

"मी करते स्वच्छ," सूनबाई बोलून गेली. घरी आल्यावर मला म्हणते, "बाबा, म्हणून तर बसले. आता करू काय?"

मी तिला आमच्या शाळेतली उतरंड सांगितली. एकावर एक तीन मडकी, वरच्या दोहोंच्या बुडाला भोकं. वरच्यात कोळसा, मधल्यात वाळू, खालच्यात स्वच्छ पाणी. त्यातल्या वरच्या मडक्यात मास्तरांची टोपी कशी पडली, ती वेगळीच गंमत आहे. ती सांगायला मी तोंड उघडलं, तोवर ही उठून गॅलरीत गेलीसुद्धा.

दोन दिवस आमची गॅलरी म्हणजे कारखाना. प्लॅस्टिकचे तीन डबे घेतले, बुडाला तापल्या सळईनं भोकं पाडली. वरच्या डब्यात कापूस, मधल्यात भांडी घासायच्या प्लॅस्टिकच्या दोनशे जाळ्या, खालच्यात फुटक्या कुंड्यांच्या खापऱ्या. टाकीतलं पाणी छोट्या पंपानं वर चढवायचं, ते तिन्ही डब्यांतून झिरपत पुन्हा टाकीत. नळीचा एकेक सांधा तिनं स्वतः बसवला. टाकीच्या वर लोखंडी मांडणीवर उतरंड चढली, बटण दाबलं, आणि एक थेंब गळेल तर शपथ! दोन दिवसांत हिरवा रंग पळाला.

तिसऱ्या दिवशी पाणी दुधासारखं पांढरं. साहेब वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागला. सूनबाईंनी कंबर कसली. रोज ड्युटी संपली की जाळ्या उकळत्या पाण्यातून काढायची, खापऱ्या वाफेच्या पेटीत घालायची. जितकी ती धुवे, तितका साहेब धापा टाकी. पंधरातले आठ दिवस संपले. जेवणावरचं तिचं लक्ष उडालं.

शेवटी आम्ही दोघं माशांच्या दुकानात गेलो. दुकानदाराला सगळे गप्पी म्हणतात. गप्पी मासे विकतो म्हणूनही, आणि गप्पांना आवरत नाही म्हणूनही. त्यानं विचारलं, "ताई, जाळ्या किती दिवसांनी धुता?"

"रोज. उकळते."

गप्पी जन्मात पहिल्यांदा गप्प बसला. मग म्हणाला, "अहो, माशांच्या घाणीतलं विष संपवणारे बारीक जीव त्या जाळ्यांवर वस्तीला येतात. तुम्ही रोज संध्याकाळी त्यांना उकळताय!"

"म्हणजे जंतू?"

"जंतूच. पण आपल्या पार्टीचे."

त्यानं आपल्या सगळ्यात जुन्या टाकीतून एक तपकिरी, बुळबुळीत स्पंज काढून टाकीच्याच पाण्यासकट पिशवीत घालून दिला. हिनं पिशवी दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. आम्ही तडक हॉस्पिटलात गेलो. मी खुर्ची शोधतोय तोवर ही बेसिनपाशी. एका हातात स्पंज, दुसरा हात नळावर.

"अगं थांब!" मी ओरडलो. "विरजण धुतं का कुणी?"

तिचा हात तिथंच थांबला. स्पंजाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "विरजण," ती हळूच म्हणाली. मग नाक मुरडून, पण आपल्या हातानं, तिनं तो स्पंज जाळ्यांच्या मधोमध खोचला.

नंतरचे सात दिवस! टाकीतलं थोडं पाणी रोज बदलायचं, क्लोरीन उडून जावं म्हणून आदल्या दिवशी भरून ठेवलेलं वर ओतायचं, आणि डब्यांना हात लावायचा नाही. जाळ्यांवर तपकिरी साय धरायला लागली. ही समोर उभी राहायची ती हाताची घडी घालून, बोटं काखेत दाबून. एकोणीस वर्षांची सवय अशी काखेत दाबणं सोपं नाही हो! मला नाही जमलं असतं.

चौथ्या दिवशी पांढरेपणा विरला. पाचव्या दिवशी साहेब खाली उतरून काचेशी आला आणि एका प्लॅस्टरवाल्या पोरीकडे रोखून बघू लागला. पंधराव्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी सूनबाईंना टाकीमागे ड्युटीचा कागद धरायला लावला आणि पुढून, पाण्यातून, अक्षर न् अक्षर वाचला. मग टाचा उंचावून मधल्या डब्यात डोकावल्या.

"शी! हे धुणार कधी?"

"धुणार नाही, सिस्टर."

"तू? तू म्हणतेस हे?"

"मीच म्हणते."

फायलींचं कपाट जिन्याखाली गेलं. मी आताशा रक्तदाब तपासायच्या निमित्तानं तिथे जाऊन बसतो. मुलांच्या हॉस्पिटलात माझा रक्तदाब कोण तपासणार, असं कुणी अजून विचारलेलं नाही. मधल्या डब्यावर सूनबाईंच्या ठसठशीत अक्षरात पाटी आहे, ती शेजारी बसेल त्याला वाचून दाखवतो: "हात लावू नये. घाण मुद्दाम ठेवली आहे. हुकमावरून, निर्जंतुकीकरण विभाग."