मंगळावर बसलेला सोलापूरचा शिक्का

मी मंगळ पाहिलाय. तोही सोलापुरात, भर दुपारी, टपालतिकिटावर. हसा खुशाल.

तिकिटं जमवायचं वेड मला लावलं आमच्या शाळेतल्या सरांनी. त्यांचं घर आमच्यापासून तीन गल्ल्या पलीकडं. तरी नवं तिकीट हातात द्यायचं नाही, पाकिटाला लावून पोस्टानंच पाठवायचं, हा आमचा नेम. शिक्का मात्र हलका हवा, कोपऱ्यावर, चित्र न झाकणारा.

सरांच्या वहीत ग्रहांकडं गेलेल्या यानांचं एक पान होतं. त्यात एकच चौकट रिकामी, मंगळाभोवती फिरलेल्या आपल्या यानाची. इकडं सरांच्या डोळ्यांत धुकं दाटत चाललेलं. म्हणाले, "दिसतंय तोवर आण रे ते."

वैरागच्या एका तिकीटवेड्या आडत्याशी सात तास हुज्जत घालून मी ते मिळवलं. सात म्हणजे, दोन तरी असतील.

पोस्टात खिडकीपलीकडच्या मामांना ऐटीत म्हणालो, "शिक्का नीट मारा मामा. मंगळावर जायचंय हे."

"व्हय? मग असा हाणतो की तितं बी पुसायचा न्हाय!"

धाड! त्या दणक्यानं मोहोळला एसटी थांबली म्हणतात. शिक्का थेट ग्रहावर.

दोन दिवस मी सरांच्या घराभोवती घिरट्या घालत होतो. शेवटी पोस्टमनच्या मागोमाग आत शिरलो.

सरांनी भिंग धरलं. शेजारचा यंत्रमाग एका लयीत खटखटत होता. खिडकीवरच्या तांबड्या चादरीतून ऊन झिरपत होतं. भिंती, वही, सरांची बोटं, सगळं तांबूस. किती वेळ गेला कोण जाणे.

"सर, चुकलंच माझं."

"गप. फिरतंय ते."

"काय?"

"यान. ही काळी गोल वाट बघ की. हिच्यावरनं चाललंय. वाटेत सोलापूर लागतं." ते हसले. "कोपऱ्यावरचा फिकट शिक्का मला दिसलाच नसता, गाढवा. बाकी नुसतं लाल दिसतंय."

मी भिंगाला डोळा लावला. शपथेवर सांगतो, मागाच्या ठेक्यावर ते लाल जग हळूहळू वळत होतं, आणि त्याच्याभोवती आमचं गाव.

सरांनी पाकिटाचा तेवढा तुकडा कापला, रिकामी चौकट बोटानं चाचपली आणि तिकीट स्वतःच चिकटवलं. जरा तिरकं बसलं. मी सरळ करायला गेलो, तर हातावर चापट.

"राहू दे. वळतंय ते."