लालबागला आबांसोबत एक दुपार

दादरला उतरून बसने लालबागला पोहोचले, तेव्हा मसाल्याच्या गिरणीतून मिरचीचा असा खकाणा येत होता की पत्ता विचारतानाच मला शिंका सुरू झाल्या. सुलभाताई परब त्यांच्या चाळीच्या जिन्याशीच उभ्या होत्या. प्रवाशांनी एकमेकांच्या घरी राहायचं, अशा एका संकेतस्थळावर आमची ओळख झालेली. बँकेतून निवृत्त झालेल्या सुलभाताई आणि त्यांचे पंचाऐंशी वर्षांचे सासरे, आबा, एवढंच घर.

"चेडवा (मुली), तू खंयची?" आबांनी विचारलं.

"अकोल्याची."

"लांब गो," म्हणत त्यांनी मला खिडकीजवळची खुर्ची दिली.

तासाभरात, बाराच्या सुमारास, फोन आला. गिरगावात सुलभाताईंची बहीण बाथरूममध्ये घसरून पडली होती. "आत्ताच आबांना इन्सुलिन दिलंय. अर्ध्या तासात जेवायला वाढ," एवढं सांगून त्या निघाल्या. मला भेटून त्यांना पुरते दोन तासही झाले नव्हते.

ताट वाढायला गेले, तर आबांचा डोळा लागलेला. झोपमोड कशाला करायची म्हणून मी थांबले आणि गॅलरीत चाळीची वर्दळ बघत बसले. सव्वा वाजता आत आले, तर त्यांचा सदरा घामाने भिजलेला, हात थरथरत होते. काहीतरी पुटपुटत होते. मी धावत शेजारचं दार ठोठावलं. महाडिककाकू आल्या, आबांना बघताच म्हणाल्या, "साखर कमी झाली." त्यांनी साखरेचं पाणी केलं. मी आबांना टेकवून बसवलं आणि काकूंनी घोट घोट पाजलं. तेवढा वेळ मी आबांचा हात सोडला नाही.

पंधरा मिनिटांनी आबांनी नीट बघितलं. "बांगडो खंय आसा?"

बांगड्याचं तिखलं (घट्ट, तिखट रस्सा) आणि भात त्यांनी पोटभर खाल्ला.

"सुलभाला मी काही बोलणार नाही," जाताना काकू हळूच म्हणाल्या. "पाहुणी आहेस तू."

संध्याकाळी सुलभाताई आल्या. बहिणीचा पाय प्लॅस्टरमध्ये होता. मी पाणी दिलं आणि सगळं सांगून टाकलं. त्यांनी आत जाऊन आबांच्या कपाळाला हात लावला. मी बॅग भरायची तयारी मनात करून ठेवली होती.

बाहेर येऊन म्हणाल्या, "चूक माझीपण आहे. झोपले तरी उठव, हे सांगायला हवं होतं. उद्या परत गिरगावला जायचंय. थांबशील ना?"

दुसऱ्या दिवशी मी आबांना वेळेवर उठवलं. ते चिडले, आणि जेवले.

अकोल्यात मैत्रिणी विचारतात, परक्या घरात राहायची भीती नाही वाटली? वाटली, पण ती त्या घराची नव्हती, माझ्या हातून काय घडेल याची होती. पहिल्या दिवशी सुलभाताईंनी विश्वास टाकला तेव्हा त्या मला ओळखत नव्हत्या. दुसऱ्या दिवशी ओळखत होत्या, तरीही टाकला.