ताईच्या चार विहिरी

सलूनमध्ये शेजारच्या खुर्चीवर गरम टॉवेल दिसला तर त्याखाली माणूस असतो, ही साधी गोष्ट मला पन्नाशी उलटल्यावर कळली.

त्या दिवशी मी मान खाली घालून बसलो होतो आणि सलूनवाला माझ्या मानेवर मशीन फिरवत होता. मशीन मानेवर फिरायला लागलं की माझं तोंड आपोआप सुरू होतं. दोन्हींचं बटण बहुधा एकच असावं.

“यंदा आमची मोठी मेव्हणी सगळ्यांना पाणी पाजणार बघा,” मी म्हणालो.

“त्या पत्त्यांच्या स्पर्धेत?”

“हो. चार विहिरी घालतेय. चार! आजवर दोनच असायच्या. पण कुणाला बोलू नका हं, आतली गोष्ट आहे.”

“मी कशाला बोलतोय?” सलूनवाला म्हणाला.

तो बोलला नाहीच. बोलायची गरज उरली नव्हती. शेजारच्या खुर्चीतला टॉवेल हलला, दोन हातांनी तो बाजूला झाला आणि आतून एक गुलाबी, ताजातवाना चेहरा बाहेर आला. चेहऱ्याने चष्मा लावला, माझ्याकडे पाहिलं आणि अगदी मनापासून म्हटलं, “थँक्यू हं, काका.”

हा शेजारच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवणारा गृहस्थ. रोज याच वेळेला इथं दाढीला येतो म्हणे. ताईला लागोपाठ दोन वर्षं फायनलला हरवणाराही हाच. त्या दिवसापासून आमच्या घरात त्याचं नाव ‘टॉवेल’ पडलं. माझं काय पडलं ते सांगत नाही.

ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ती कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाची मापं घेऊन तिच्याकडे पाठवतात आणि ती वरच्या मजल्यावरच्या अरुंद खोलीत खिडकीपाशी बसून त्या मापांबरहुकूम दात लावते. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं, सगळे मिळून आपल्यालाच हसतायत. आता सवय झाली. घरी काय वेगळं असतं?

त्या खोलीच्या बरोब्बर खाली पत्त्यांचं दुकान आहे. हे पत्ते राजा-राणी-गुलामाचे नव्हेत. चित्रांचे पत्ते, पाकिटातून विकत मिळणारे. त्यातले साठ निवडून जो तो आपला जोड बांधतो आणि समोरच्याशी लढतो. त्या जोडाला तिथं डेक म्हणतात. माझी बायको या सगळ्याचं वर्णन ‘आमची ताई पत्ते कुटते’ एवढ्यात उरकते.

दुकानदाराची कवळी ताईनेच केलेली. ती घासून बसवायला म्हणून ताई एकदा खाली गेली, तेव्हा हा पठ्ठ्या खेळत होता. ताई उभ्याउभ्या बघत राहिली आणि म्हणाली, “हा बाण कशाला ठेवलाय? अख्ख्या डावात हातातून खाली उतरला नाही.”

दुकानदार म्हणाला, “तो अडीअडचणीला असतो.”

“अडचण येऊन गेली की. हरलात ना?”

दुकानदार हसला. ते हसूही ताईच्याच हातचं. दुसऱ्या दिवशी त्याने बाण काढला आणि जिंकला, आणि ताईला एक खुर्ची कायमची देऊन टाकली.

या खेळात डेक बांधण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार. धावणारे, बसणारे आणि चोर. धावणारा पहिल्यापासून अंगावर येतो. बसणारा ते सगळे वार सोसतो आणि शेवटी एकच मोठा घाव घालतो. चोर तुमच्या हातातले पत्ते पळवतो. धावणारा चोराला हरवतो, कारण चोराने खिशात हात घालेपर्यंत हा पोचलेला असतो. बसणारा धावणाऱ्याला दमवतो. आणि चोर बसणाऱ्याला लुबाडतो, कारण घरात बसून राहिलेल्याकडे साठवण असते. म्हणजे सगळ्यात चांगला डेक असा नसतोच. या महिन्यात लोक काय आणतायत, त्यावर सगळं. त्याला ते लोक ‘हवा’ म्हणतात. परवापर्यंत धावणाऱ्यांची हवा होती, आता चोरांची आलीय, असं बोलतात आणि गंभीर चेहऱ्याने खिडकीबाहेर बघतात. मी पहिल्यांदा छत्री घेऊन निघालो होतो.

ताईचा जीव ‘विहीर’ नावाच्या पत्त्यावर. चित्रात एक जुनी दगडी विहीर, आत काळंभोर पाणी. समोरच्याने टाकलेला वार विहिरीत पडतो आणि पुढे कधीतरी त्याच्यावरच उलटतो. बसणाऱ्यांचा पत्ता. ताईने गेली कित्येक वर्षं याच विहिरीभोवती आपला डेक घासूनपुसून लख्ख केला होता.

घासूनपुसून हे मी उगीच म्हणत नाही. कवळी तोंडात बसवली की एक निळा कागद देतात चावायला. जिथं निळा डाग गडद पडतो, तिथं दात जास्त टेकतोय, तिथं घासायचं. ताई घरी सरावाला पत्त्यांच्या झेरॉक्स वापरते. डाव संपला की हातात पडून राहिलेल्या झेरॉक्सवर निळ्या पेन्सिलीने खूण. एखाद्या पत्त्यावर खुणा फार झाल्या की तो बाहेर आणि दुसरा आत. एका वेळी एकच.

“दोन-तीन एकदम बदला की,” मी एकदा सुचवलं.

“मग कशाने दुखायचं थांबलं ते कळणार कसं?” ताई म्हणाली.

आता यंदाची गोष्ट अशी की दुकानातली वार्षिक स्पर्धा जिंकणाऱ्याला मोठ्या स्पर्धेत जागा मिळते. जिथं देशभरचे लोक येतात, ती. ताईला ती जागा हवी होती. तिने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी फार नाहीत, त्यात ही एक. आणि विहीर आता जुनी झाली होती. नव्या हंगामापासून जुने पत्ते बाद होतात, तसा खेळाचा नियमच आहे. म्हणजे विहिरीचं हे शेवटचं वर्ष.

आणि आडवा कोण? टॉवेल. त्याचं वैशिष्ट्य असं की तो कुठल्याच पत्त्यावर प्रेम करत नाही. एका वर्षी चोर घेऊन आला, एका वर्षी धावणाऱ्यांत चोर मिसळून. काय आणेल याचा पत्ताच लागत नाही. ताई एकदा वैतागून म्हणाली होती, “माप मिळाल्याशिवाय कवळी होत नाही, भावोजी. या माणसाचं मापच मिळत नाही.”

आणि आता त्याला आमचं माप मिळालं होतं. तेही फुकट.

वास्तविक ताई ताकाला तूर लागू देणारी नव्हे. डेकमध्ये काय आहे हे ती दुकानदारालाही सांगत नाही. त्या दिवशी सकाळी मी बायकोने दिलेली पिशवी पोचवायला तिच्याकडे गेलो. तिने माझ्या मानेकडे पाहिलं, “केस किती वाढलेत” म्हणाली, मी म्हटलं, “आता तिकडेच निघालोय,” आणि पिशवीतलं काढता काढता ती सहज बोलून गेली, “यंदा चार विहिरी घालतेय हं.” मला फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिने मला विश्वासात घेतलं ते हे पहिल्यांदा. तो विश्वास मी सलूनपर्यंतसुद्धा धड नेला नाही, म्हणजे नेला तो सलूनपर्यंतच.

संध्याकाळी बायकोने मला हाताला धरून ताईसमोर उभं केलं.

“सांग तिला. सांग काय दिवे लावलेस ते.”

मी सांगितलं. ताईच्या हातात मेणात अर्धी बसवलेली दातांची ओळ होती. ती तिने खाली ठेवली.

“पूर्ण ऐकलं त्याने?”

“चार म्हणून दोनदा म्हणालो मी.”

“जिभेला हाड म्हणून नाही या माणसाच्या,” बायको म्हणाली. “तू याचीच एक कवळी कर ताई, वरची-खालची एकत्र जोडलेली.”

ताई ओरडली असती तर बरं झालं असतं. ती “बरं” म्हणाली आणि पुन्हा ओळ हातात घेतली. मला रात्रभर ते ‘बरं’ टोचत राहिलं, जास्त टेकणाऱ्या दातासारखं.

आठवड्याभरात खालच्या दुकानातली हवा फिरली. टॉवेलने आपल्या दोस्तांनाही सांगितलं असणार. बँकेतला कॅशियर चोरांचा डेक बांधू लागला, दवाखान्यातली नर्स चोरांचा डेक बांधू लागली. दुकानदाराने मला दारातच गाठून विचारलं, “अहो, तुम्ही नक्की काय केलंत?” मी दुसऱ्या फुटपाथवरून जायला लागलो.

ताईने मला शिक्षा दिली ती सरावाची. रोज संध्याकाळी तिच्या खोलीत, प्लास्टरच्या जबड्यांच्या साक्षीने, मी टॉवेल व्हायचं. माझ्या हातात झेरॉक्सचा चोरांचा डेक.

“काय उचलू?” मी विचारायचो.

“तुम्हाला आवडेल ते. विचार करू नका.”

“ते जमेल.”

मला आवडायची विहीर. चित्रच असं होतं. दर वेळी मी आधी विहीर उचलायचो आणि खूश व्हायचो. ताई माझा हात बघायची, खूण करायची. एके दिवशी तिने एक विहीर काढली आणि तिथं मुंगी घातली. मुंगी म्हणजे अगदी फुटकळ पत्ता. छोटा, धावणारा, एका वेळी थोडंसंच चावणारा. चोरायला कुणाचा हात जाऊ नये असा. मग आणखी एक विहीर गेली, मुंग्या वाढल्या. मी विहिरी पळवत होतो आणि मुंग्या मला खात होत्या.

विहिरींतली एकच उरली, तेव्हा मी म्हटलं, “हीपण काढा. एवीतेवी मी पळवतोच.”

तिने काढून पाहिली. त्या डावात चोरायला चांगलं काही दिसेना, म्हणून मी नाइलाजाने मुंग्या उचलायला लागलो. आणि जिंकलो! मी आनंदाने टेबलावर हात आपटला, एक जबडा खाली पडला.

ताईने जबडा उचलला, पुसला, जागेवर ठेवला. मग ती विहीर परत डेकमध्ये घातली. बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली.

“वाईट वाटतं का?” मी विचारलं.

“माणसाचं तोंड बदलत जातं, भावोजी. हिरड्या आक्रसतात. दहा वर्षं घट्ट बसलेली कवळी एक दिवस हलायला लागते. लोक कवळी घेऊन येतात आणि म्हणतात, ही खराब झाली. ती खराब झालेली नसते. ती होती तशीच असते, तेच तिचं दुखणं.”

मी जरा गप्प बसलो. घरी सांगितलं तर बायकोचा विश्वास बसला नाही.

मी विचार करत राहिलो. मी स्वतः कॉलेजातल्या भांगासकट अजून जगतो आहे. डोक्यावर भांग पाडण्याजोगं फारसं उरलेलं नाही, तरी पाडतो. आवडती गोष्ट सोडायची म्हटलं की आपण एक तर तिला घट्ट धरतो, नाही तर रागाने भिरकावून देतो. ताईने यातलं काहीच केलं नाही. चारातल्या तीन बाजूला ठेवल्या आणि चौथीला असं काम दिलं, जे तिला अजून जमत होतं. चोरीला जाण्याचं.

स्पर्धेच्या दिवशी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मी तोंडात लवंग धरून कोपऱ्यात उभा होतो. बायकोचा हुकूम होता, लवंग संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही, आणि खिशात पुडी दिली होती. ताई एकेक चोर ओलांडत फायनलला पोचली. समोर टॉवेल. त्यानेही चोरच आणले होते.

“काकू, विहिरी सगळ्या आणल्यात ना?” पत्ते पिसता पिसता तो म्हणाला.

“बघा की शोधून,” ताई म्हणाली.

त्याला पहिली संधी मिळाली तशी त्याने ताईच्या हातातून विहीर पळवली. पळवली आणि थेट माझ्याकडे बघून मान झुकवली. मी लवंग चावली. मग ताईने मुंगी मांडली. मग दुसरी. टॉवेल उरलेल्या तीन विहिरींची वाट बघत आपले चोर राखून बसला, आणि मुंग्या रांगेने चालत गेल्या. बऱ्याच उशिरा त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला. चष्मा स्वच्छ होता.

“विहिरी कुठायत?” त्याने विचारलं.

“तुमच्याच हातात आहे की एक,” ताई म्हणाली आणि शेवटची मुंगी मांडली.

दुकानदार इतका हसला की त्याला तोंडावर हात धरावा लागला. टॉवेलने ती विहीर उलट करून परत दिली, अगदी दोन्ही हातांनी. माणूस वाईट नाही.

ताईला जागा मिळाली. आम्ही तिघं वर तिच्या खोलीत आलो. ज्यांच्या तोंडात आता दुसरी कवळी आहे, त्यांचे जुने साचेही ताई टाकत नाही. ते सगळ्यात वरच्या फळीवर असतात. स्टुलावर चढून तिने चारही विहिरी तिथं टेकवून उभ्या केल्या, खाली उतरली, पदराला हात पुसले आणि खिडकी लावायला गेली. बायको कौतुकाने तिच्याकडे बघत होती. मला वाटलं, हीच वेळ. थोडं श्रेय पदरात पाडून घ्यावं.

“ताई,” मी लवंग गालात सारून म्हणालो, “रागावणार नसाल तर एक बोलतो. त्या दिवशी मी तोंड उघडलं ते चुकलंच. पण नसतं उघडलं, तर टॉवेल चोर घेऊन आलाच नसता. म्हणजे चुकून का होईना, माझ्यामुळेच—”

ताईने खिडकीची कडी लावली आणि मागे न वळता म्हणाली,

“केस कापायला निघाला होतात, म्हणूनच तर तुम्हाला सांगितलं.”