वाळूला न दिसलेली लाल पट्टी

सायखेडा रस्त्यावरच्या त्या कोल्ड स्टोरेजमध्ये सरिता गावित सोळा वर्षं नोकरीला होती. निर्यातीच्या द्राक्षांच्या चौदा थंड खोल्या होत्या. कुठल्या खोलीचं तापमान किती, पंखे चालू की बंद, हे सगळं कंट्रोल रूममधल्या जुन्या मॉनिटरवर ओळीनं दिसायचं, आणि तो प्रोग्रॅम पहिल्यापासून सरिताचा. त्यात चित्रं नव्हती की माऊस नव्हता, काळ्या पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं. जाड हातमोजे घातलेल्या माणसालाही चार बटणांत काम उरकता यावं, असा बेत. खोली बिघडली की तिची ओळ उलटी व्हायची, म्हणजे पांढऱ्या पट्टीवर काळी अक्षरं, आणि ती लुकलुकायला लागायची.

सरिता सुरगाण्याकडची. बाप रावजी डोंगरउतारावर नागली आणि भात करायचा. आश्रमशाळेत शिकून, नाशिकला डिप्लोमा करून ती इथे लागली, तेव्हा पहिले सहा महिने लोक तिला टायपिंगवाली समजत होते. तो पडदा चालू झाला आणि मालक खंडेराव, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, ते तिला ‘मॅडम’ म्हणू लागले. ही हाक तिनं कमावलेली होती.

यंदा हंगामाच्या तोंडावर अण्णांनी तरन्नुम अत्तारला घेतलं. वडाळा गावातली, पंचविशीची, बोलायला मोकळी पोरगी. अण्णांनी तिला सांगितलं, “हा पडदा जरा उठावदार कर.” आठवड्याभरात तिनं तो रंगीत केला. ठीकठाक खोलीची पट्टी हिरवी, बिघडलेल्या खोलीची लाल, दोन्हींवर काळी अक्षरं, आणि वरचा मथळा निळ्यावर पांढरा. ओळीचं लुकलुकणं तिनं काढून टाकलं.

अण्णांनी सगळ्यांना कंट्रोल रूममध्ये बोलावून घेतलं. “बघा, याला म्हणतात काम! इतकी वर्षं आपण मयताच्या घरात बसल्यासारखे काळं-पांढरं बघत होतो.”

सगळे हसले. सरिताही तोंडदेखलं हसली.

त्यात भर म्हणजे तरन्नुम जेवणाच्या सुट्टीत तिच्याजवळ येऊन बसली. “सरिताताई, या पडद्याला सुटा रंग कळत नाही ना, अक्षराचा आणि त्याच्यामागचा अशी जोडी करून तिला नंबर द्यावा लागतो. तुम्ही त्या सगळ्या जोड्या, लुकलुकणंसुद्धा, एकाच ठिकाणी लिहून ठेवल्यात. मी तेवढं एक पान बदललं, बाकीच्याला हात नाही लावला. किती नीट लिहिलंय तुम्ही!”

शिवी दिली असती तर परवडलं असतं. एक पान बदललं आणि सोळा वर्षांवर पाणी फिरलं, हेच ती हसत हसत सांगत होती, असं सरिताला वाटलं. त्या दिवसापासून तिला तरन्नुमचं सगळंच खुपायला लागलं. तिचा डबा खुपे, तिला पोरं ‘ताई, ताई’ करत बोलवायची ते खुपे. अण्णांनी पडद्याचा फोटो ग्रुपवर टाकला, त्याखाली एकतीस अंगठे आले. सरितानं ते मोजले, स्वतःचा टाकला नाही. तरन्नुम नसताना तिनं तिचं काम ओळ न् ओळ चाळलं, खोट सापडावी म्हणून. एकच सापडली. खालच्या सूचना काळ्यावर गडद निळ्या होत्या, वाचताच येत नव्हत्या. तिनं ती मुद्दाम अण्णांसमोर काढली.

“अगदी बरोबर, ताई,” तरन्नुम म्हणाली आणि उभ्या उभ्या निळ्याचं पांढरं करून मोकळी झाली. अण्णा म्हणाले, “वा, लगेच!” म्हणजे कौतुक पुन्हा तिचंच.

घरी, नाशिक रोडला, तिचा नवरा किशोर वैतागला. “अगं, तुलाही रंग देता आले असते की. का नाही दिलेस?”

खरं तर तिनं ते दिले होते, सात वर्षांपूर्वी. हीच लाल-हिरवी पट्टी तिनं तेव्हा एका संध्याकाळी, बाकीचे गेल्यावर, करून पाहिली होती, आणि ऑपरेटर वाळू पडद्यासमोर गोंधळून उभा राहिला होता. तो हात जोडून म्हणाला होता, “बाई, मला लाल अन् हिरवं येगळं दिसत नाय. लहानपणापासून. अण्णांना सांगू नका, काम जाईल माझं.” सरितानं शब्द दिला, रंगीत पडदा पुसून टाकला आणि पुन्हा काळं-पांढरं आणलं. तिला रंग सुचले नाहीत असं आता सगळे धरून चालले होते, आणि खरं काय ते तिला कुणाला सांगता येत नव्हतं. ही आग जास्त जाळत होती.

वाळू आता पुन्हा त्याच पडद्यासमोर बसत होता. चाळिशी उलटलेला, कामाला चोख माणूस. तो एकेका ओळीवर बोट ठेवून आकडा वाचतोय, हे सरिताला दाराच्या काचेतून दिसायचं. चौदा ओळी वाचून झाल्या की परत पहिलीपासून. त्याला सगळ्या पट्ट्या सारख्याच मातकट दिसत असणार, हे तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

मी शब्द पाळतेय, असं ती स्वतःला सांगायची. पण वाळूचं नाव घ्यायची गरजच नव्हती. ‘काही जणांना लाल-हिरवं वेगळं दिसत नाही’, एवढं एक वाक्य पुरलं असतं. ते तिच्या ओठांपर्यंत यायचं आणि समोर तरन्नुम दिसली की परत खाली जायचं. होऊ दे काहीतरी, कळू दे सगळ्यांना, असं मनात यायचं. मग तिला स्वतःचीच भीती वाटायची, आणि तरीही ती बोलायची नाही. असे तीन आठवडे गेले.

मार्चमधल्या एका दुपारी नऊ नंबरच्या खोलीचे पंखे बंद पडले. पट्टी लाल झाली. वाळू तेव्हा बाहेर कंटेनर भरून घेत होता. मध्ये दोनदा आत येऊन त्यानं पडद्यावर नजर टाकली. पूर्वी ओळ उलटी होऊन लुकलुकली असती. आता त्याला सगळ्या पट्ट्या एकसारख्या दिसल्या, आणि बोट फिरवायला सवड नव्हती. तीन तासांनी तरन्नुम सहज डोकावली आणि ओरडली. शून्याच्या आसपास राहायची खोली नऊ अंशांवर गेली होती. पेट्या उघडल्या तेव्हा मण्यांवर पाणी सुटलं होतं. तो माल आता परदेशी जाणार नव्हता.

अण्णांचा आवाज फाटकापर्यंत गेला. “एवढी लालभडक पट्टी दिसली नाही तुला? डोळे फुटले होते का?”

वाळू मान खाली घालून उभा राहिला. चूक झाली म्हणाला, बाकी काही नाही. अण्णांनी त्याला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. तो सायकल काढत असताना सरिता त्याला आडवी आली, तर तोच तिला म्हणाला, “बाई, तुम्ही शब्द पाळला. लय उपकार.”

हे मात्र तिला सोसवलं नाही. उपकार! हातातली पिशवी तिथेच टेकवून ती म्हणाली, “वाळू, मी आता अण्णांना सांगणार आहे. तू हो म्हण.”

“आता काय राह्यलंय जायाचं,” तो म्हणाला. “सांगा.”

अण्णांच्या केबिनमध्ये तरन्नुम रडवेली होऊन बसली होती. सरितानं उभ्यानंच सगळं सांगितलं: वाळूचे डोळे, सात वर्षांपूर्वीचा पडदा, सगळं.

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. “म्हणजे हा पडदा लागला तेव्हापासून तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

“मग बोलला का नाहीत? शब्द दिला होता म्हणून?”

हो म्हणून सुटता आलं असतं. “नाही,” सरिता म्हणाली. “हिचं कौतुक झालं, ते मला बघवलं नाही.”

तरन्नुमनं मान वर केली नाही. अण्णांनी वाळूला परत बोलावलं, आणि पडद्याची जबाबदारी त्याच दिवशी सरिताकडून काढून तरन्नुमकडे दिली. कागदपत्रांचं काम सरिताकडे आलं. ती एका शब्दानं भांडली नाही.

पुढचे दोन दिवस तरन्नुमनं वाळूला शेजारी बसवून घेतलं. एकेक जोडी लावायची आणि विचारायचं: हे वाचता येतं? हे त्याच्याहून वेगळं दिसतं? लाल-हिरवं काढून तिनं निळं आणि पिवळं घेतलं, चांगल्या खोलीला गडद निळ्यावर पांढरं, बिघडलेल्या खोलीला पिवळ्यावर काळं, आणि शेजारी ‘गरम’ हा शब्द. शिवाय ओळ लुकलुकायची. नुसत्या रंगावर तिनं काहीच सोडलं नाही.

वाळू खूश झाला. “हे बेस हाय. पहिल्या काळ्या-पांढऱ्यापरीस बी लय बेस!”

सरिता फाइल घेऊन दारातच उभी होती. त्याचा काही वाईट हेतू नव्हता. पण ज्या माणसासाठी तिनं आपले रंग पुसले होते त्याच्या तोंडून हे ऐकणं तिला लागलं. पडदा खरोखरच तिच्यापेक्षा चांगला झाला होता, आणि ते तिला दिसत होतं, म्हणून जास्त लागलं.

आठवडाभर तरन्नुम तिच्याशी कामापुरतंही बोलली नाही. मग एक दिवस जोड्यांची यादी तिच्या टेबलावर ठेवून म्हणाली, “मॅडम, अण्णांनी तुमच्याकडून तपासून घ्यायला सांगितलंय.” ताईची मॅडम झाली होती. एके काळी याच हाकेचा सरिताला अभिमान होता.

तिनं ती दुपार एकेक जोडी लावून बघण्यात घालवली. सहाव्या जोडीपाशी ती थांबली. बंद ठेवलेल्या खोलीसाठी काळ्यावर गडद करडी अक्षरं होती, जुन्या मॉनिटरवर फारच पुसट. सांगितलं नाही तरी चाललं असतं, बंद खोलीत माल नसतो. हा विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि तो आपलाच आहे हे तिनं ओळखलं.

तिनं यादीवर लिहिलं: ‘जोडी सहा पुसट आहे. करड्याऐवजी पांढरं घ्यावं.’ आणि ती स्वतः जाऊन तरन्नुमच्या हातात दिली.

तरन्नुमनं वाचलं. “बरं,” म्हणाली, आणि पडद्याकडे वळली.